एकतीसची खूण

बालेंदिनचा डावा डोळा खोटारडा आहे, असं आमच्या गावानं अख्खं एक वर्ष मानलं. त्या डोळ्याच्या मागे, कवटीच्या आत काय चाललं होतं ते मी माझ्या पडद्यावर पाहिलंय, त्यामुळे ही हकीकत सांगायचा हक्क मी स्वतःकडे घेते. शिमोनला ती आवडणार नाही. न आवडू दे.

मी नेकाने. शहरातल्या मोठ्या इस्पितळात डोक्याचे एमआरआय काढते आणि संध्याकाळच्या बसनं देबा नदीकाठच्या आमच्या गावी परत येते. आमचं घर चोकोच्या वर. चोको म्हणजे गावच्या पुरुषांचं मंडळ. तिथं ते स्वतः रांधतात, जेवतात, सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पितात आणि पत्ते कुटतात. प्रत्येक सभासदाकडे दाराची किल्ली असते, आणि ती किल्ली खिशात असणं म्हणजे माणूस चारचौघांत उजळ माथ्यानं वावरतोय असं समजायचं. आम्हा बायकांना सणासुदीला पाहुण्या म्हणून आत घेतात, पण चुलीजवळ फिरकू देत नाहीत. एरवी घरात यांना मीठ कुठे ठेवलंय ते सापडत नाही, तो भाग वेगळा.

बालेंदिन माझ्या वडिलांच्या वयाचा. तोंडावर मी त्याला काका म्हणते. यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात त्यानं जन्मभर लेथ चालवला आणि निवृत्त झाल्यावर घरामागे काळ्या घेवड्याचे वेल चढवले. बोलणं कमी. चार वाक्यं सलग बोलायची वेळ आली तर आधी घसा खाकरायचा, आणि तोवर दुसराच कुणी बोलून मोकळा व्हायचा. तो दुसरा बहुतेक वेळा शिमोन असे.

शिमोन आमचा खाटीक. सुरी धारदार आणि जीभ त्याहून. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच दिवशी कारखान्यात लागले; शिमोन लवकरच तिथून निघून बापाच्या दुकानात बसला, पण संगत सुटली नाही. बालेंदिनच्या मुलीचा धर्मपिता शिमोन. बालेंदिनचा मुसमधला जन्मभराचा भिडूही शिमोन. आमच्याकडे या दुसऱ्या नात्याला पहिल्यापेक्षा वजन आहे.

मुस हा पत्त्यांचा खेळ. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू. बोली लावायच्या, गुण मोजायचे खडे जिंकायचे. या खेळात भिडूला चेहऱ्यानं खूण करायची मुभा आहे. नुसती मुभा नाही, खेळाची अर्धी मजा त्यातच आहे. दोन राजे आले की खालचा ओठ चावायचा. तीन पत्ते सारखे आले की तोंडाचा कोपरा एका बाजूला ओढायचा. आणि पत्त्यांची बेरीज बरोबर एकतीस झाली, म्हणजे शेवटच्या फेरीतला सगळ्यात भारी हात लागला, की डोळा मारायचा. समोरच्या जोडीची नजर चुकवून खूण करायची, आणि त्यांनी ती पकडायची धडपड करायची. एकच गोष्ट वर्ज्य: खोटी खूण. हातात नसलेल्या पत्त्यांची खूण करणाऱ्याला आमच्याकडे चोर समजतात. बायकोशी खोटं बोललेलं लोक हसून सोडून देतात, खोट्या खुणेला माफी नाही.

त्या टेबलावर बोलायचं काम शिमोनचं आणि खुणा बालेंदिनच्या, अशी त्यांची वाटणी होती. मुका माणूस तिथं पत्ते हातात घेतल्यावर बोलका व्हायचा. जोशेपा, त्याची बायको, म्हणायची की लग्नाला होकारसुद्धा यानं बहुतेक भुवई उडवूनच दिला असेल, मला ऐकू तर काही आलं नव्हतं.

मग त्याच्या डाव्या डोळ्याखाली फडफड सुरू झाली. आधी पापणीच्या कडेला. काही महिन्यांनी डोळा आपोआप मिटायला लागला. मग डोळ्याबरोबर तोंडाचा डावा कोपराही वर ओढला जाऊ लागला. दिवसातून कितीदा तरी व्हायचं, आणि जीव गुंतला की जास्तच. गावातल्या डॉक्टरनं दमणूक म्हणून गोळ्या दिल्या. बालेंदिनला वाटे, डोळा जरासा लवतोय एवढंच. तो किती मिटतो, तोंड किती वाकडं होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्याच्या व्यंगावर बोट ठेवू नये असं आम्हाला लहानपणी शिकवतात. ती शिकवण आम्ही अगदी सोयीनं पाळतो.

आता मुसच्या टेबलावर असा चेहरा म्हणजे काय, ते बघा. डोळा मिटला: एकतीस. तोंड ओढलं गेलं: तीन सारखे. हातात काही असो नसो. समोरचे खेळाडू त्याच्याकडे चोरून बघत, भारी हात आहे असं समजून माघार घेत. दोन मोसम शिमोन-बालेंदिनची जोडी हरलीच नाही. शिमोन दुकानात मटण तोडता तोडता म्हणायचा, यंदा नशीब जोरावर आहे.

त्या वर्षी खोऱ्यातल्या मुस-स्पर्धेची अंतिम फेरी शेजारच्या गावात होती. मी गेले होते. वरच्या खोऱ्यातले दोन भाऊ समोर होते. खेळ रंगात आला आणि त्यातल्या थोरल्यानं पत्ते पालथे ठेवून पंचांना हाक मारली. म्हणाला, हा माणूस सारखा एकतीसची खूण करतोय आणि पत्ते उघडले की हातात काही नसतं. पंचांनी बालेंदिनकडे बघितलं. बालेंदिननं घसा खाकरला, “डोळा आपोआप मिटतो,” एवढं म्हणाला, आणि नेमका त्याच वेळी डोळा मिटला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

पंच शिमोनकडे वळले. हा तुमचा इतक्या वर्षांचा भिडू, याला असं काही होतं का, हे तुम्हाला माहीत असेल. शिमोननं नुसतं होय म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“मी काय सांगणार?” शिमोन म्हणाला. “मी माझे पत्ते बघतो. याच्या तोंडाकडे कुठे बघत बसू?”

बस्स. जोडी बाद झाली. दोष बालेंदिनचा धरला, कारण खुणा त्याच्या. शिमोननं त्या पाहिल्याच नाहीत म्हटल्यावर त्याच्यावर ठपका नाही. पुढच्याच आठवड्यात चोकोच्या अध्यक्षानं बालेंदिनच्या घरी येऊन, टोपी हातात घेऊन, फार वाईट वाटतंय असं तीनतीनदा सांगत किल्ली परत मागितली. बालेंदिननं ती कडीतून काढून दिली. शिमोननं आपल्या जावयाला भिडू केलं.

मला वाटलं होतं, बालेंदिन शिमोनचं नाव टाकेल. छे. उलट त्याचीच बाजू घ्यायचा. मी एकदा बसथांब्यावर चिडून म्हटलं, काका, भिडूच्या तोंडाकडे बघायचं नाही तर मुस खेळायचं तरी कशाला? तर म्हणाला, “अगं, घाबरला बिचारा. आणि खरंच नसेल बघितलं. तो बोलण्याच्या नादात असतो.” त्याची सगळी मदार त्या एका गोष्टीवर होती. गावानं चोर म्हटलेलं तो गिळून बसला होता, कारण गाव चुकलं होतं. शिमोन फक्त चुकून गप्प बसला होता.

शेवटी जोशेपानं त्याला ओढत आमच्या इस्पितळात आणलं. डॉक्टर अर्रेगीनं, म्हणजे आमच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईनं, चेहरा बघताक्षणी ओळखलं आणि त्याला माझ्या यंत्राकडे धाडलं. निदान तिचं झालेलंच होतं. तिला हवा होता आतला नकाशा: कवटी उघडण्याआधी कुठून शिरायचं आणि काय हलवायचं ते कळावं म्हणून.

बालेंदिन यंत्रात निजला. डोक्याभोवती पिंजरा बसवला, हलायचं नाही म्हणून बजावलं. “चेहरा हलला तर?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, चेहऱ्याला हवं ते करू दे, मला त्याच्या मागचं बघायचंय. यंत्राचा खडखडाट सुरू झाला.

या कामासाठी आम्ही फार बारीक काप घेतो. एका प्रकारच्या चित्रात मेंदूभोवतीचं पाणी पांढरंशुभ्र दिसतं आणि त्यातून जाणाऱ्या नसा व रक्तवाहिन्या काळ्या दोऱ्यांसारख्या. दोन्ही काळ्याच, म्हणून मग दुसरं चित्र घ्यायचं, ज्यात वाहतं रक्त तेवढं उजळतं. एकावर एक ठेवली की नस कुठली आणि रक्तवाहिनी कुठली ते उलगडतं. बालेंदिनची चेहऱ्याची नस मेंदूच्या देठातून निघते तिथंच, अगदी मुळाशी, एका बारीक रक्तवाहिनीचं वेटोळं रुतून बसलं होतं. प्रत्येक ठोक्याला ते नसेवर आपटत असणार. त्याच्यामागे एक जाड, वेडीवाकडी धमनी होती आणि तीच त्या वेटोळ्याला पुढे रेटत होती. मी संगणकावर सगळं रंगवून काढलं: नस पिवळी, वेटोळं लाल, जाड धमनी निळी, आणि पिवळीला खेटून ऐकण्याची नस हिरवी. ते रूप फिरवून कानामागच्या भोकातून डॉक्टरला जसं दिसेल तसं लावून ठेवलं.

डॉक्टरनं नवराबायकोला बोलावून पडद्यापुढे बसवलं. मीही बाजूला होते. आधी जाड धमनी बाजूला घ्यावी लागेल, नाहीतर नुसतं वेटोळं सोडवून ते परत तिथंच येईल, हे तिनं दाखवलं. हिरव्या नसेला धक्का लागला तर डाव्या कानाचं ऐकणं जाऊ शकतं, हेही लपवलं नाही. डोळ्याभोवती सुया टोचून काही महिने शांतता मिळते, तोही मार्ग आहे म्हणाली. बालेंदिन मात्र त्या लाल वेटोळ्याकडे असा बघत होता, जणू हरवलेला कागद सापडलाय.

“हे चित्र मला मिळेल का?” त्यानं विचारलं. “चोकोत लावतो. म्हणजे त्यांना कळेल.”

“चित्र देते,” डॉक्टर म्हणाली. “पण नुसत्या चित्रानं काही सिद्ध होत नाही. ज्यांचा चेहरा कधी हललेला नाही अशांच्या डोक्यातही असं वेटोळं सापडतं. या नेकानेच्याच डोक्यात आहे.”

खरं आहे. नवं यंत्र आलं तेव्हा आम्ही एकमेकींचीच डोकी काढून बघितली होती. माझ्याही उजव्या बाजूला तसंच वेटोळं आहे, आणि मी आजवर ज्याला डोळा मारला तो ठरवून मारला.

बालेंदिनचा चेहरा पडला. मग खरं काय ते ठरतं कसं, असं त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाली, माणसाला विचारून. आणि तिनं सरळ विचारलं, “झोपेत डोळा मिटतो का? मुद्दाम केलेलं झोपेत थांबतं. नसेचं दुखणं थांबत नाही.”

बालेंदिननं जोशेपाकडे बघितलं. तो घोरतो म्हणून ती कित्येक वर्षं मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपते. तिनं आधी मान हलवली, मला काय माहीत, म्हणून. मग थांबली.

“मिटतो,” ती सावकाश म्हणाली. “शिमोन म्हणाला होता.”

“कधी?”

“तुम्ही बेर्मेओच्या स्पर्धेहून आलात तेव्हा. एका खोलीत उतरला होतात ना? दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, तुझा नवरा झोपेतपण मला डोळा मारतो, रात्रभर एकतीस, एकतीस. मला वाटलं, थट्टा करतोय.” बेर्मेओची स्पर्धा त्या अंतिम फेरीच्या आदल्या वर्षीची.

डॉक्टरनं वहीत काहीतरी टिपून घेतलं. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. बालेंदिनचा डोळा मिटला, तोंड वर ओढलं गेलं, सुटलं, पुन्हा ओढलं गेलं. आम्ही तिघी त्याचा घसा साफ व्हायची वाट बघत राहिलो.

“मी खूण उजव्या डोळ्यानं करतो,” तो म्हणाला. “पहिल्यापासून. डावा मिटला म्हणून शिमोननं चुकीची बोली कधी लावली नाही. एकदाही नाही.” आणि मग, “म्हणजे तो बघत होता.”

मला तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. दोन मोसम या खाटकानं मित्राच्या दुखण्यावर खडे जिंकले. डावा डोळा मिटला की समोरचे घाबरायचे, आणि शिमोनला माहीत असायचं की यात काही नाही. अंगावर आलं तेव्हा हात वर केले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. गाव चुकलं ते समजण्यासारखं होतं, गाव काही त्याच्यासमोर बसून खेळत नव्हतं. आणि या माणसानं वर्षभर त्याचीच वकिली केली होती.

“ऑपरेशननंतर चेहरा अगदी स्थिर होईल?” बालेंदिननं विचारलं.

बहुतेक होईल, हळूहळू होईल, असं डॉक्टर म्हणाली.

“मग करा.” चित्र त्यानं नेलं नाही. ते टेबलावरच राहिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरनं निळी धमनी दूर केली, वेटोळं सोडवलं आणि त्याच्या व नसेच्या मध्ये मऊ कापसासारखी गादी ठेवली, नकाशाबरहुकूम. फडफड काही आठवडे रेंगाळली आणि एक दिवस बंद झाली. डाव्या कानाला पाखरांची चिवचिव आता नीट ऐकू येत नाही, तेवढी किंमत पडली.

गावानं तो स्थिर चेहरा पाहिला आणि गावाला लाज वाटली. चोकोची किल्ली परत आली. घेऊन कोण आला असेल? शिमोन. सोबत कोकराची तंगडी. बैठकीत बसून त्यानं सांगितलं की पंचांनीच घाई केली, मी तेव्हाच म्हणत होतो. झालं गेलं विसर, जावयाला खेळातलं ओ का ठो कळत नाही, गावच्या संताच्या सणाला चोकोच्या सामन्यात आपण दोघं पुन्हा बसू. जोशेपा स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. बालेंदिननं किल्ली कडीत अडकवली आणि म्हणाला, बसू. बेर्मेओचा विषय त्यानं काढला नाही. मी नंतर त्याला खूप बोलले. म्हटलं, तुम्हाला काही स्वाभिमान आहे की नाही? त्यानं ऐकून घेतलं आणि मला घेवड्याच्या शेंगा दिल्या.

सणाच्या दिवशी आम्ही बायका भिंतीकडेच्या बाकावर होतो. शेवटचा डाव बेकरीवाला आणि शाळामास्तर यांच्याशी पडला. त्यांना जिंकायला दोन खडे कमी होते, शिमोन-बालेंदिनला चार. पत्ते वाटले गेले. पहिला बोलायचा मान बालेंदिनचा. शेवटच्या फेरीपर्यंत कुणी बोली वाढवली नाही. तिथं बेकरीवाल्यानं एकदम टेबलावर मूठ आपटली आणि “ओर्दागो” म्हणाला. म्हणजे अख्खा डाव या एका फेरीवर. होय म्हटलं तर पत्ते उघडायचे, ज्याचा हात भारी तो जिंकला. नाही म्हटलं तर एक खडा त्यांना द्यायचा.

उत्तर शिमोननं द्यायचं, नेहमीप्रमाणे. त्यानं बालेंदिनच्या चेहऱ्याकडे बघितलं. उजवा डोळा, डावा डोळा, ओठ. इतका वेळ कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलेलं मी पाहिलेलं नाही. बालेंदिनही त्याच्याकडेच बघत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. काहीच हललं नाही.

“नाही,” शिमोन म्हणाला.

एक खडा गेला. मग पत्ते उघडायला घेतले. बोली न लागलेल्या फेरीचाही खडा मिळतो, आणि मोठ्या पत्त्यांच्या फेरीची मोजणी आधी होते. मास्तरकडे राजा होता, दुसरा खडा तिथंच गेला आणि डाव संपला. बालेंदिननं आपले पत्ते एकेक करून उताणे मांडले. दोन गुलाम, एक घोडेस्वार, एक एक्का. एकतीस. आणि बरोबरी झाली तर पहिला मान ज्याचा तो जिंकतो, म्हणजे तो हात कुणाकडूनही हरला नसता.

शिमोन त्या पत्त्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “लेका, खूण का केली नाहीस?”

बालेंदिनला घसा खाकरावा लागला नाही.

“केली की नाही, तुला काय कळणार?” तो म्हणाला. “तू तर तुझे पत्ते बघतोस. माझ्या तोंडाकडे कुठे बघत बसतोस?”

बालेंदिननं पत्ते गोळा केले, गड्डी बेकरीवाल्यापुढे सरकवली, सगळ्यांना शुभ रात्री म्हटलं आणि जोशेपाला हात देऊन उठवलं.

मला वाटलं, आता हा जिंकल्यासारखा चालेल. मी त्यांच्या मागूनच निघाले. चढणीवरच्या नळाशी तो थांबला, कठड्यावर टेकला आणि रडायला लागला. जोशेपा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता, आणि रडताना त्याच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्याच वाकड्या होत होत्या.